चैत्रातली परिक्रमा आणि मुलाची काळजी

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

मी ६९ वर्षांची असून बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. यजमान ४ वर्षांपूर्वी अचानक गेले. मुलगा पुण्याहून निघाला, पण त्याला वेळेवर पोहोचता आले नाही. मी रोज पहाटे कमाटी बागेत चालते, स्कूटी चालवते, आणि कधी कधी स्टेशनसमोरून सुटणाऱ्या कुठल्याही सिटी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, तिथला भाजीबाजार पाहते आणि परत येते. आश्विनात एकटीच एसटीने पावागडला जाऊन आले. मुलाला मात्र भजनी मंडळात होते असे सांगितले. गडावर भेटलेल्या एका ओळखीच्या बाईंनी काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि सगळे उघडे पडले. तेव्हापासून तो दिवसातून तीनदा फोन करतो, शेजारच्या मासींना त्याने माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितले आहे आणि स्कूटी विकून टाक म्हणून मागे लागला आहे. येत्या चैत्रात दोन मैत्रिणींबरोबर उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा पायी करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मला मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, आणि जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. या वयात जावे का? मुलाला कसे समजवावे, की परत आल्यावरच सांगावे?

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. परिक्रमेला जरूर जा, परंतु परत आल्यावर सांगण्याचा विचार आजच मनातून काढून टाका. पावागडच्या दिवशी पायरीवरून तुमचा पाय घसरला असता आणि फोन हातातून पडून बंद झाला असता, तर तुमच्या मुलाने पुण्याहून भजनी मंडळातल्या एकेका घरी फोन लावले असते. गडावर तुम्हाला शोधायला हवे, हे कोणाच्याही ध्यानात आले नसते. त्या दिवशीचा खरा धोका गड चढण्यात फारसा नव्हता, कारण तिथे माची ते वरचे स्थानक रोपवे आहे आणि पुढच्या पायऱ्यांवर माणसांची सतत ये-जा असते. तुम्ही कुठे आहात हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हते, हा तो धोका होता.

आता मुलाच्या बाजूने पाहा. वडिलांच्या वेळी फोन आला, तो निघाला आणि पोहोचेपर्यंत सारे संपलेले होते. ज्याच्या वाट्याला हे आले आहे, त्याला आईने न उचललेला प्रत्येक फोन तसाच वाटतो. त्यातच आईने सांगितलेली जागा खरी नव्हती, हे त्याला फोटोवरून कळले. तेव्हापासून तुमच्या कोणत्या बोलण्यावर विसंबावे हे त्याला समजेनासे झाले असणार. दिवसातले तीन फोन, मासींवर सोपवलेली पहारेदारी आणि स्कूटीविषयीचा हट्ट हे सगळे त्या अविश्वासातून आले आहे, असे मला वाटते. म्हणून परिक्रमेचा विषय काढण्यापूर्वी पावागडचा विषय मिटवा. त्याला सरळ सांगा की, ‘मी तुला खोटे सांगितले, ते चुकले; तू नको म्हणशील या भीतीने सांगितले. यापुढे कुठे जाणार ते आधी सांगेन, पण जायचे की नाही हे मी ठरवीन.’ या वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच आवश्यक आहे. पहिल्या भागावर थांबलात तर उरलेले आयुष्य परवानगी मागण्यात जाईल.

तुमच्या रोजच्या जगण्याविषयी तुम्ही जे दोन-चार ओळींत लिहिले आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाणे आणि अनोळखी भागातला भाजीबाजार पाहून परतणे याला घरातली माणसे रिकामपणाचा उद्योग म्हणत असतील. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. चढत्या-उतरत्या पायऱ्या, गर्दीत तोल सांभाळणे, सुट्ट्या पैशांचा हिशेब, नवे रस्ते लक्षात ठेवणे, अनोळखी माणसाशी गुजरातीत दोन शब्द बोलणे, हे सगळे एका फेरीत घडते. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून ३ दिवस तरी तोल आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमाटी बागेतल्या चालण्याने तुमचा पहिला भाग केव्हाच पूर्ण होत असेल. दुसऱ्या भागाकडे मात्र तुम्हाला आता जाणीवपूर्वक वळावे लागेल, कारण परिक्रमेत कसोटी त्याचीच लागते.

उत्तरवाहिनी परिक्रमेचे नाव बडोद्यातल्या मराठी घरांना नवे नाही. नर्मदा आपला बहुतेक सारा प्रवास पश्चिमेकडे करते. रामपुरा-तिलकवाडा परिसरात काही अंतर ती उत्तरेकडे वाहते आणि म्हणून तेवढ्या भागाची प्रदक्षिणा चैत्रात करतात. रामपुऱ्याहून निघून मांगरोळ, गुवार, शहेराव असे चालत जायचे, नदी ओलांडून तिलकवाड्याला यायचे, आणि समोरच्या काठाने वासण, रेंगण करीत पुन्हा नदी ओलांडून रामपुऱ्याला पोहोचायचे, असा हा सुमारे २१ किलोमीटरांचा मार्ग आहे. नदी नावेने ओलांडायची की तात्पुरत्या पुलावरून, हे त्या वर्षीच्या पाण्यावर आणि प्रशासनाच्या व्यवस्थेवर ठरते. सरदार सरोवर धरण याच नदीवर वरच्या बाजूला असल्यामुळे पाणी सोडले की पात्राची पातळी बदलते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी व्यवस्थेची चौकशी करणे आणि काठावर पोलीस किंवा स्वयंसेवक थांबा म्हणाले तर थांबणे, या दोन गोष्टींत तडजोड नको. स्नान करायचेच असेल तर घाटावरच करा, पात्रात आत उतरू नका. शहरातल्या विश्वामित्री नदीच्या मगरी पाहत राहणाऱ्या बडोदेकरांना नर्मदेतही मगरी आहेत हे वेगळे सांगायला नको.

आता वेळेचा हिशेब मांडा. बागेतल्या सपाट रस्त्यावर तुम्ही तासाला ४ किलोमीटर चालत असाल, तरी काठावरची वाळू, गोटे आणि शेतातले बांध यांवर ३ किलोमीटरच धरा. म्हणजे नुसत्या चालण्याचे ७ तास झाले. त्यात दोन वेळा नदी ओलांडण्याची वाट पाहणे, चहा आणि विसावा मिळवला तर ९ ते १० तास होतात. चैत्रात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, म्हणूनच अनेक परिक्रमावासी मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे अंधारात निघतात. तुम्ही तिघींनी पहाटे तीनच्या सुमारास निघावे आणि आधीच ठरवून ठेवावे की, साधारण मध्यावर असलेल्या तिलकवाड्याला पोहोचायला साडेआठ वाजून गेले, किंवा तिघींपैकी एकीलाही चक्कर, मळमळ, छातीत जडपणा किंवा गुडघ्यात कळ जाणवली, तर परिक्रमा तिथेच थांबवायची. तिलकवाडा हे तालुक्याचे गाव रस्त्यावर आहे, वाहन तिथे येऊ शकते. तिथून गरुडेश्वरला जाऊन टेंबे स्वामींच्या १९१४ सालच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि घरी यावे. हा निर्णय घरी बसून, शांतपणे, तिघींनी मिळून घ्यायचा आहे. वाटेत उत्साहाच्या भरात आणि ‘आता थोडेच राहिले’ म्हणणाऱ्या सहप्रवाशांच्या संगतीत तो कधीही नीट घेता येत नाही. रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळून आठवड्याचा मधला दिवस निवडलात, तर नदीकाठची रांग बरीच लहान असेल.

गुडघ्याची गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात, पण ती सहज घेऊ नका. उतरताना दुखणारा गुडघा बहुधा मांडीच्या पुढच्या स्नायूचा अशक्तपणा किंवा वाटीखालची झीज दाखवतो, आणि नदीकाठी चढ-उतार सारखे येतात. अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, झोपून पाय सरळ ठेवून उचलणे आणि ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे, हे त्यातले साधे प्रकार होत. काठी घ्या, आणि गुडघा उजवा दुखतो म्हणून ती डाव्या हातात धरा. पुष्कळ जणी दुखऱ्याच बाजूला धरतात आणि तिचा उपयोग अर्धा होतो. जोडे नवे नकोत. ज्या जोड्यांनी तुम्ही आतापासून चालाल तेच परिक्रमेत हवेत, आणि अनवाणी जाण्याचा मोह टाळावा, कारण सकाळी नऊनंतर वाळू तापते.

सराव वाढवायचा तो हळूहळू. आठवड्यातून एक दिवस नेहमीपेक्षा लांब चाला, आणि ते अंतर दर आठवड्याला थोडेसेच वाढवत न्या. बागेच्या गुळगुळीत वाटा त्यासाठी पुऱ्या पडणार नाहीत. महिन्यातून एकदा तिघी मिळून चांपानेरला जा; २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या त्या परिसरात मशिदी, तटबंदी, तलाव आणि झाडीतल्या वाटा पाहत काही तास उंचसखल जमिनीवर चालणे होते, आणि बडोद्यापासून ते सुमारे ५० किलोमीटर आहे, त्यामुळे दिवसभरात परत येता येते. एकदा तरी पहाटे अंधारात विजेरी घेऊन एकत्र चालून पाहा. अंधारात पायाखालचे खड्डे ओळखणे हे वेगळेच कौशल्य आहे, आणि दूरचे-जवळचे एकत्र असलेल्या चष्म्यातून खाली पाहताना पायरी धूसर दिसते, हे तुम्हाला तेव्हाच कळेल.

ज्या विषयावर बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नाहीत, तो मला येथे स्पष्ट लिहायचा आहे. प्रवासात लघवीची सोय नसते म्हणून आपल्या वयाच्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतात. दोन मुले झालेल्या, पासष्टी ओलांडलेल्या बाईला शिंकताना, हसताना थोडीशी लघवी होणे हे फार सामान्य आहे, पण त्याची लाज इतकी असते की तहान सोसणे सोपे वाटते. त्यात वय वाढले की तहानेची जाणीवच कमी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, म्हणजे शरीरातले पाणी दोन्हीकडून कमी होते. उन्हात चालताना भोवळ येऊन पडणाऱ्या स्त्रियांमध्ये कित्येकींच्या बाबतीत हेच कारण असते. म्हणून पॅड वापरा, बरोबर जास्तीचे ठेवा, अंगावर सैल सलवार-कुर्ता घाला, आडोसा मिळेल तिथे एकीने पहारा देऊन दुसरीने मोकळे होण्याचा रिवाज तिघींत आधीच पाडून घ्या, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्या. ओटीपोटाच्या तळाचे, लघवी रोखून धरणारे स्नायू आवळण्याचे व्यायाम स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि दोन-तीन महिने नियमित केल्यास बऱ्याच जणींना त्यांचा गुण येतो. त्यासाठी तर आताच सुरुवात करायला हवी.

पाण्याबरोबर क्षारही जातात, तेव्हा ओआरएसची पाकिटे घ्या, किंवा घरीच १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून तयार करा, चमचा चहाचा. वाटेत गावोगावच्या सेवेकऱ्यांकडे ताक, सरबत, चहा मिळतो, तो श्रद्धेने दिलेला असतो आणि घ्यावाच, पण आपल्या बाटल्या आपल्याजवळ असू द्याव्यात. चैत्री नवरात्राचे उपवास तुम्ही करत असाल तर परिक्रमेचा दिवस त्यांत धरू नका. एक सूचना विशेष आग्रहाने करते: गुडघा दुखू नये म्हणून निघताना वेदनाशामक गोळी घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती तुमच्यासाठी नाही. शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या गोळ्यांपैकी अनेक मूत्रपिंडांना अपाय करतात आणि रक्तदाबही वाढवतात. रक्तदाबाची तुमची गोळी त्या दिवशी कधी घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारा. आपल्या मनाने ती चुकवू नका. त्याच भेटीत ईसीजी आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या करून घ्या. गेल्या वर्षात विनाकारण पडला असाल, किंवा जिना चढताना दम लागून छाती दाटत असेल, तर ते लपवू नका. त्या परिस्थितीत डॉक्टर जाऊ नका म्हणाले तर मीही तेच म्हणेन.

हे सगळे ठरले की मग मुलाला फोन करा. ‘मी जाऊ का?’ असे विचारू नका. तारीख, मैत्रिणींची नावे आणि त्यांचे नंबर, वाहनचालकाचा नंबर, डॉक्टरांचा अभिप्राय, तिलकवाड्याला थांबण्याची अट हे सगळे एका संदेशात लिहून पाठवा आणि मग बोला. त्याच्या भीतीशी वाद घालण्यापेक्षा तिला उत्तर देणारी माहिती पुरवणे अधिक उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर आपले चालते ठिकाण त्याला दाखवता येते. ते एका वेळी जास्तीत जास्त ८ तास चालते, म्हणून तिलकवाड्याला ते पुन्हा सुरू करा आणि फोन चार्ज करण्यासाठी पॉवर बँक जवळ ठेवा. पर्समध्ये नाव, वय, रक्तगट, चालू औषध आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. रुग्णवाहिकेसाठी गुजरातेत १०८ क्रमांक आहे, हे मैत्रिणींनाही पाठ हवे. रोजच्या तीन फोनांऐवजी रात्री साडेआठचा एक ठरलेला फोन, आणि तो तुम्ही करायचा, असा करार त्याच्याशी करा. तो कधीही चुकवू नका. महिनाभर तो न चुकता आला की बाकीचे दोन फोन आपोआप थांबण्याची शक्यता मोठी आहे.

शेजारच्या मासींवर रागावू नका. त्यांच्यावर पहारेदारी सोपवली गेली, त्यात त्यांचा दोष नाही. उलट तुम्हीच त्यांना घराची एक किल्ली द्या, बाहेर जाताना दारातून सांगून जा, आणि सकाळी साडेनऊपर्यंत तुमचे दार उघडले नाही तर त्यांनी ठोठवावे, असे तुम्ही स्वतः त्यांना सांगा. मुलाने ठेवलेली पाळत आणि तुम्ही मागितलेली सोबत यांत मासींचे काम तेच राहते, पण तुमचा मान वेगळा राहतो. सोसायटीतल्या किंवा नात्यातल्या ज्या बायका ‘या वयात कसली ही हौस’ म्हणतात, त्यांना उत्तर देण्यात श्रम घालवू नका. त्यांच्यापैकी एकीला चांपानेरला बरोबर न्या.

स्कूटीविषयी थोडक्यात. मुलाच्या भीतीवरून ती विकू नका, आणि त्याच्यावर मात करण्यासाठी चालवतही राहू नका. डोळ्यांची तपासणी करा, मोतीबिंदू पिकू लागला असेल तर शस्त्रक्रियेपर्यंत गाडी बंद ठेवा. अंधार पडल्यावर, पावसात आणि मांडवी-न्यायमंदिर भागातल्या सणासुदीच्या गर्दीत नेऊ नका, हेल्मेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा घाला. गाडी उभी करताना स्टँड लावणे जड जाऊ लागले किंवा वळताना मागचे पाहायला मान वळेनाशी झाली, की त्या दिवशी ती सोडा. सिटी बस तुम्हाला चांगलीच ठाऊक आहे.

मुलगा हे सगळे ऐकूनही नको म्हणाला, तर त्याला एक सुट्टी काढून तिलकवाड्याला बोलवा. शहेरावहून नदी ओलांडून तुम्ही येता, तिथे त्याने सकाळी आठला उभे राहावे आणि पुढचा निम्मा मार्ग तुमच्याबरोबर चालावा. आई कशी चालते, किती वेळा थांबते, कधी पाणी पिते हे त्याने चार तास डोळ्यांनी पाहिले, तर माझ्या पत्राची त्याला गरज उरणार नाही. फक्त त्याला सुट्टी शनिवार-रविवारीच मिळत असेल, तर गर्दीचा विचार करून तुम्ही तिघींनी तीनऐवजी दोनला निघावे, आणि त्यानेही पुण्याची रात्रीची गाडी न पकडता आदल्या दिवशीच बडोद्याला येऊन नीट झोप घ्यावी.